वाड्याची राखण

दिवाळी सरली की बारामती आणि इंदापूरच्या जिरायत गावांतले मेंढपाळ घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून निघतात. कुणी घाट उतरून कोकण गाठतं, कुणी जवळच्या बागायती पट्ट्यातच रानोरान फिरतं, आणि पावसाच्या तोंडावर सगळे माघारी वळतात. चार-दोन कुटुंबं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि तान्ही पोरं एवढा हा वाडा दर दोन-तीन दिवसांनी मुक्काम हलवतो. त्याला दार नाही, भिंत नाही, कुलूप लावायला जागा नाही. सगळी पुंजी मात्र अंधारात उचलून गाडीत टाकता येईल अशी. मेंढरं चोरीला गेली की लोक वाड्यालाच बोल लावतात: झोप लागली असेल, कुत्री कमी ठेवली असतील, रस्त्याकडेला कशाला उतरले? हा दोष चुकीच्या माथी मारला जातो असं मला वाटतं. वाड्याची राखण वाड्याने एकट्याने कधीच केलेली नाही. निम्मी राखण त्याची असे आणि निम्मी ज्याच्या रानात तो उतरे त्या शेतकऱ्याची, त्या गावाची. वाड्याची बाजू आजही जागच्या जागी आहे. गावाची बाजू ढासळली आहे, आणि चोरी रोखायची तर आधी ती सावरायला हवी.

वाड्याची बाजू किती विचाराने रचलेली असते ते मुक्काम पडताना दिसतं. दिवस मावळायच्या आत खुंट ठोकून वाघर ताणली जाते. वाघर म्हणजे दोराची गाठीव जाळी. ती माणसाला अडवत नाही, अडवायची अपेक्षाही नसते. सगळी मेंढरं एका गोळ्यात राहावीत एवढंच तिचं काम, कारण गोळ्यातलं एक बिचकलं की सगळी धडपडून उठतात आणि शेजारी निजलेल्याला जाग येते. म्हणून माणसं पालात न निजता वाघरीला लागून, घोंगडी अंथरून, काठी हाताशी ठेवून आडवी होतात. कोकरं डालग्याखाली, बायकांच्या अंथरुणाजवळ. घोडी जवळ बांधलेली, कुत्री मात्र मोकळी आणि बाहेरच्या अंगाला. मेंढरांत दोन-चार शेळ्या असतात त्या दुधासाठी, पण त्यांचा आणखी एक उपयोग आहे. मेंढी धरली तर बहुधा मुकाट्याने जाते, शेळी धरली की गळा काढते. सकाळचा हिशेब आकड्यांवर थांबत नाही. कोकरं सोडली की प्रत्येक कोकरू आपल्या आईकडे धावतं, आणि आई वासावरून आपलं ओळखून दुसऱ्याचं ढकलून देते. एखादं कोकरू कासेला न लागता ओरडत फिरू लागलं की त्याची आई गेली, आणि ती कुठल्या चेहऱ्याची, कुठल्या कानाची मेंढी होती, हे वाड्यातल्या बाईला तिथल्या तिथे सांगता येतं. इतक्या बारकाईने राखण करणाऱ्यांना गाफील म्हणायला जीभ धजावू नये.

या राखणीलाही मर्यादा आहे, कारण ती मुळात लांडग्यासाठी बसवलेली आहे. इंदापुरातलं कडबनवाडी, बारामतीतलं शिर्सुफळ इथल्या गवताळ माळांवर लांडगा आजही आहे. तो एखादं जनावर ओढतो आणि कुत्र्यांच्या गलक्याने पळतो. माणूस पिकअप घेऊन येतो. कुत्र्यांपुढे मांसाचा तुकडा टाकता येतो हे त्याला ठाऊक असतं. अवसेची किंवा पावसाची रात्र निवडायची, हेही. पावसात कुत्री आडोसा धरतात, मेंढरांची धडपड ऐकू येत नाही, आणि दिवसभर चालून दमलेला माणूस घोंगडी डोक्यावरून ओढून घेतो. पाच-दहा मिनिटांत मेंढरं गाडीत चढतात आणि गाडी पुणे-सोलापूर महामार्गाला लागते. तिच्यामागे काठी घेऊन पायी धावणारा किती लांब जाणार? गाडी अडवायची तर पुढच्या गावात कुणीतरी जागं हवं, आणि त्या कुणाला तरी फोन करणारा माणूस वाड्याच्या ओळखीचा हवा.

पूर्वी ही ओळख व्यवहारातच गुंफलेली होती. सुगी संपली की शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवायला वाड्याला बोलावत असे. रात्रभराच्या लेंडी-मुताने रानाला खत मिळे आणि त्याच्या बदल्यात वाड्याला धान्य. दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुणे परिसरातल्या धनगरांच्या फिरस्तीबद्दल लिहिताना या देवाणघेवाणीची नोंद केली आहे. मेंढरं ज्याच्या रानात, त्याचा शब्द त्यांच्या पाठीशी असे. आपल्या रानातून पाहुण्याचं जनावर गेलं तर नाक शेतकऱ्याचं कापलं जाई. गावाच्या पातळीवर तर याला रीतसर चौकटच होती. जुन्या काळी पुणे प्रांतात गावाची राखण रामोश्यांकडे असे. चोरी झाली की माग काढायचा आणि तो शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन द्यायचा. माग दाखवता आला तर पुढची जबाबदारी त्या गावाची, नाही दाखवता आला तर भरपाई राखणदाराच्या अंगावर. त्या व्यवस्थेत जातीचं ओझं होतं आणि जुलूमही होता, ती परत यावी असं कुणीच म्हणणार नाही. पण चोरी ज्या शिवेत घडली त्या शिवेने उत्तर द्यायचं, हे तिचं मूळ तत्त्व खरं होतं.

यजमान मागे सरला तो पिकांमुळे. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा वाहू लागला, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे साखर कारखाने उभे राहिले, पुढे उजनीचं पाणी आलं. या पाण्याने दोन्ही तालुक्यांचं भलं केलं, याबद्दल वाद नाही. पण ज्वारीचं रान माघ-फाल्गुनात मोकळं होऊन पावसाळ्यापर्यंत पडून असतं, तसं उसाचं होत नाही. आडसाली ऊस दीड वर्ष रान धरून ठेवतो आणि मागे खोडवा राहतो. मेंढरं बसवायला मोकळं रान उरतं ते तुकड्या-तुकड्यांनी. बाकीच्या रात्री वाडा गायरानात, कालव्याच्या भरावाखाली, नाहीतर डांबरी रस्त्याच्या कडेला काढतो. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यासारख्या वनक्षेत्रांत चराईला मज्जाव आहे, म्हणून वाडा त्यांच्या हद्दीला चिकटून बसतो. अशा जागी वस्तीचा दिवा नसतो, शेजारचं कुत्रं नसतं, हाक मारायला नाव नसतं. पण गाडी थेट वाघरीपर्यंत येते.

यावर कुणी म्हणेल की शेणखत महागल्यापासून शेतकरी पुन्हा मेंढरं बसवून घेतात, रोख पैसे देतात. खरं आहे. पण एका रात्रीचा दर ठरवून केलेला सौदा आणि वर्षानुवर्षं त्याच रानात उतरणारा वाडा यांत फरक आहे. पैसे चुकते झाले की संबंध संपला असं दोन्हीकडे धरलं जातं, आणि ज्याचं रान बारामतीत पण घर पुण्यात आहे तो रात्री दोनला फोन उचलेलच असं नाही.

दुसरा आक्षेप यंत्रांच्या भरवशावर घेतला जातो. नॉर्वेत मेंढ्यांच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेले पट्टे असतात, मग इथे का नकोत? जरूर असावेत. पण तिथला प्रश्न डोंगरात मोकळ्या सुटलेल्या मेंढ्या शोधण्याचा आहे. इथे सगळ्या मेंढरांना पट्टा बांधणं परवडणार नाही, आणि दोन-चार मेंढ्यांना बांधला तर चोर नेमक्या बाकीच्या उचलेल किंवा पट्टा कापून ओढ्यात फेकेल. मेंढपाळांना बंदुकीचा परवाना द्या, अशीही मागणी होते. तिच्यामागची भीती मला समजते, कारण वाड्यावर मारहाणही होते. पण अंधारात, बायका-पोरं आणि मेंढरं एकाच ठिकाणी निजलेली असताना गोळी कुणाला लागेल याची हमी कोण देणार? आणि फिरणं सोडून एका जागी मेंढ्या पाळा, हा सल्ला चारा विकत घेण्याची ऐपत गृहीत धरतो. २०१७ साली सुरू झालेल्या महामेष योजनेतही सरकारने स्थायीबरोबर स्थलांतरित मेंढीपालन मान्य केलं आहे. मग रस्त्यावरच्या रात्रीची जबाबदारीही मान्य करावी लागेल.

कानातल्या बिल्ल्यावर माझी जास्त भिस्त आहे, पण एका अटीवर. बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री १ जून २०२४ पासून राज्यात बंद करण्यात आली. चोर कान कापेल हे उघड आहे, पण मग ते जनावर उजळमाथ्याने बाजारात आणता येऊ नये. म्हणजे बिल्ल्याचा उपयोग लोणंद-चाकणच्या बाजारात आणि कत्तलखान्याच्या दारात, तिथे तपासणी झाली तरच. नाहीतर तो फक्त विम्यापुरता उरतो, आणि विम्याचं तर आणखी कठीण: पशुधन विम्यात चोरीची भरपाई सहसा वगळलेलीच असते. मेंढी रोगाने मेली तर पैसे मिळतील, पळवली तर नाही. फिरत्या मेंढपाळासाठी हे कलम बदललं पाहिजे, आणि वाड्याच्या हिताची भाषा करणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याने हा मुद्दा उचलला पाहिजे.

तक्रारीचं दार मात्र कायद्याने उघडलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. चोरी इंदापूरच्या हद्दीत झाली आणि वाडा तोवर बारामतीच्या हद्दीत सरकला, म्हणून हेलपाटे मारायला लावण्याचं कारण उरलेलं नाही. तरी फिरस्ता माणूस ठाण्याची पायरी चढायला बिचकतो. ‘तुम्ही कुठले, इथे काय करता’ हा पहिला प्रश्न त्यालाच विचारला जाईल, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून वाड्याची गावात नोंद ठेवा असं सुचवलं की मनात शंका येते, आणि ती रास्त आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी जमातींना हजेरीच्या दावणीला बांधलं आणि १९५२ पर्यंत सोडलं नाही. चोरी झाली की आजही बोट आधी पारध्यांच्या पालाकडे जातं. फिरत्या माणसांची यादी पोलिसांकडे असणं हा उपाय नव्हे.

नोंद उलट दिशेने व्हावी. वाड्याचं नाव पोलिसांनी घेण्याऐवजी गावाने आपलं नाव वाड्याला द्यावं: पोलीस पाटलाचा नंबर, रानाच्या मालकाचा नंबर, जवळच्या वस्तीवरच्या एका जागत्या घराचा नंबर. पुणे जिल्ह्यात ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एकाने फोन फिरवला की त्याच्या आवाजातला निरोप नोंदवलेल्या सगळ्या फोनवर एकदम जातो. त्यात नंबर असतात ते गावकऱ्यांचे, दोन रात्रींसाठी उतरलेल्या मेंढपाळाचा कसा असणार? पण ज्याच्या रानात तो उतरला त्याचा असतो, आणि तो एक फोन गाडी महामार्गाला लागायच्या आत पुढच्या चार वस्त्यांना उठवू शकतो. याला नवी योजना लागत नाही, निधी लागत नाही. मुक्काम उठताना शेतकरी खताचा हिशेब चुकता करतोच. त्याच वेळी त्याने पुढच्या गावच्या पोलीस पाटलाला कळवावं, की वाडा आज तुमच्या शिवेत येतोय.