रेसच्या नादाला सुट्टी नाही

हिवाळ्यात महालक्ष्मीला घोडे धावतात, पावसाळ्यात पुण्याला. एरवी बंगलोर, हैदराबादच्या शर्यतींवर इथे बसूनच पैसे लावता येतात. त्यामुळे आमच्या काही बांधवांचा आठवडा 'टीप' शोधण्यात जातो आणि हाती आलेला पगार टोटच्या खिडकीवर! टोटचा हिशेब साधा आहे. सगळ्यांचे पैसे एकत्र करायचे, क्लबचा वाटा आणि कर आधी कापायचा, उरेल ते जिंकणाऱ्यांत वाटायचे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने रेसला कौशल्याचा खेळ ठरविले. असेलही, पण कापलेला वाटा कौशल्याने परत येतो काय, असे आम्ही विचारतो. तथागतांनी सिगालाला जुगाराचे सहा तोटे सांगितले. त्यांत जुगाऱ्याला कोणी मुलगी देत नाही, हाही एक. लग्न आधीच झाले असेल तर आमच्या भगिनींनी घरखर्चाचे पैसे पगाराच्या दिवशीच मागून घ्यावेत.