इन्सुलिन: भीती कशाची, काळजी कशाची

"म्हणजे आता इन्सुलिनवर गेले का?" डॉक्टरांनी घरातल्या कुणाला इन्सुलिन लिहून दिलं की नातेवाइकांचा सूर लगेच बदलतो. हा शेवटचा इलाज, एकदा लागलं की सुटत नाही, किडनी जाते, डोळे जातात. या धास्तीने लोक महिनोन्‌महिने टाळाटाळ करतात. आणि किडनी व डोळ्यांची हानी होते ती त्या काळात चढलेल्या साखरेमुळे, इन्सुलिनमुळे नव्हे.

इन्सुलिनची सवय लागत नाही. निरोगी माणसाचं स्वादुपिंड ते रोज तयार करतंच. टाइप 1 मधुमेहात ते बनणं जवळजवळ थांबतं. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मरणासन्न मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं आणि तो पुढे 13 वर्षं जगला. त्याआधी अशा मुलांना वाचवणारं औषधच नव्हतं. म्हणून टाइप 1 च्या मुलाला "काढा देतो, सुया फेकून द्या" असं सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. टाइप 2 मध्ये स्वादुपिंड वर्षानुवर्षं थकत जातं आणि गोळ्या अपुऱ्या पडतात. यात पेशंटने पथ्य मोडलं असेलच असं नाही, त्याला बोल लावू नये. गरोदरपणात, ऑपरेशनच्या वेळी किंवा मोठ्या संसर्गात सुरू केलेलं इन्सुलिन तर पुष्कळदा नंतर थांबवताही येतं, अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्याने.

काळजी घ्यायची ती वेगळ्याच ठिकाणी, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. "सिरिंज काय, सगळ्या सारख्याच" हा माझ्या मते सगळ्यात घातक गैरसमज. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलिलिटरला 40 युनिट असतं. पेनमधलं आणि काही बाटल्यांतलं 100 युनिट. लाल टोपणाची सिरिंज 40 साठी, केशरी टोपणाची 100 साठी. आता समजा डोस 20 युनिट आहे. 40 च्या बाटलीतून केशरी सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत औषध ओढलं, तर अंगात जातात फक्त 8 युनिट. उलट 100 च्या बाटलीला लाल सिरिंज लावली, तर त्याच 20 च्या रेघेला 50 युनिट भरतात. अडीचपट! रात्री झोपेत शुगर उतरून जीव जाऊ शकतो. मेडिकलमधून आणताना बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दुकानातच जुळवून पाहा. पेनमधलं औषध सिरिंजने ओढून घेणं तर नकोच.

"इथे दुखत नाही, म्हणून रोज इथेच घेतो." तिथे दुखत नाही, कारण कातडीखाली चरबीची गाठ झालेली असते. अंघोळीच्या वेळी साबणाच्या बोटांनी पोट आणि मांड्या चाचपल्या तर रबरासारखा फुगवटा हाताला लागतो. गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त मुरतं, शुगर आवरत नाही आणि डोस वाढत जातो. बेंबीपासून दोन बोटं सोडून, प्रत्येक वेळी आधीच्या जागेपासून बोटभर सरकून सुई घ्यावी. मात्र गाठ सोडून चांगल्या जागी घेऊ लागलात तर वाढवलेला डोस जड जाऊ शकतो, तेव्हा आधी डॉक्टरांना सांगा.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे खोलीत चालते, पण विदर्भातल्या मे महिन्यात नाही. फ्रिज नसेल किंवा वीज जात असेल तर पाण्याच्या माठात बंद डब्यात ठेवलेली बाटली बरीच थंड राहते.

शुगर 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड सुरू होते. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावी. पेढा किंवा चॉकलेट नको, स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा उतरते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा. एकादशीचा उपास करणाऱ्यांनी त्या दिवसाचा डोस आधीच विचारून घ्यावा. नेहमीचा डोस घेऊन उपाशी राहणं धोक्याचं.

नवरा-बायकोने एकच पेन वापरू नये, सुई बदलली तरी नाही. रक्ताचा अंश आतल्या औषधात ओढला जाऊ शकतो. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका आणि बाटली भरली की दवाखान्यात घेतात का ते विचारा. पिशवीत सुट्या टाकलेल्या सुया घंटागाडीवर कचरा वेगळा करणाऱ्याच्या हातात घुसतात.