गर्भारपणातील उन्हाळा आणि घरातील औषधांचा डबा

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आपल्याकडे अजून टिकून आहे. डोहाळजेवण आटोपले की लेक आईवडिलांच्या घरी येते आणि तिची रात्रंदिवस काळजी घेण्याचे काम साठी-सत्तरीच्या हातांवर येऊन पडते. हा काळ एप्रिल-मे महिन्यांत आला, तर लग्नसराईतला प्रवास, तपासणीसाठीच्या फेऱ्या, गच्चीवरची वाळवणे यांत तिला उन्हाची झळ बसतेच. संध्याकाळी मान, पाठ, दंड चरचरू लागतात आणि घरातील वडीलधारे मायेने औषधांचा डबा उघडतात. खरी सावधगिरी हवी ती या क्षणी. उन्हाने भाजलेली त्वचा बहुधा आठवडाभरात भरून येते. डब्यातील एखादी गोळी मात्र पोटातील बाळाला बाधू शकते.

प्रथम एक भीती दूर केली पाहिजे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्वचेच्या थरांतच शोषले जातात, गर्भाशयापर्यंत ते पोहोचत नाहीत. पोटावरची कातडी भाजली म्हणून आतील बाळाला चटका बसला, असे होत नाही. बाळाला अपाय संभवतो तो निराळ्या वाटेने. उन्हातील उष्णतेने आईच्या शरीराचे तापमान वाढते, घामावाटे पाणी कमी होते, आणि पाणी फार घटले तर गर्भाशय आवळून येऊ शकते. म्हणून त्वचा भाजणे आणि ज्याला आपण ‘ऊन लागणे’ म्हणतो ते, या दोहोंकडे वेगवेगळे लक्ष द्यावे.

गोऱ्या कातडीवर भाजल्याची लाली लगेच दिसते, सावळ्या त्वचेवर ती लपते. तेथे हाताच्या पालथ्या बाजूने स्पर्श करून पाहावे. जागा गरम, ताणलेली आणि हुळहुळी लागली, तर ती भाजलेली आहे असे समजावे. साडी नेसणाऱ्या स्त्रीची मान, ब्लाउजच्या गळ्याखालची पाठ आणि कमरेचा उघडा पट्टा बहुधा सापडतो; दुचाकीवर मागे बसणारीचे हात आणि पायांचे पंजे. दाह उन्हातून आल्यावर तीन-चार तासांनी जाणवू लागतो आणि १२ ते २४ तासांत शिगेला पोहोचतो. त्यामुळे दुपारी ‘काही झाले नाही’ म्हणणारी लेक रात्री कूस बदलताना कळवळते.

उपचार साधाच आहे. तिला सावलीत, पंख्याखाली बसवावे. नळाच्या थंड पाण्यात भिजवून पिळलेले मऊ कापड भाजलेल्या जागी दहा-पंधरा मिनिटे ठेवावे आणि दिवसातून काही वेळा हे पुन्हा करावे. बर्फ थेट लावू नये. त्याने आधीच दुखावलेली कातडी आणखी दुखावते. अंग न घासता टिपून घ्यावे आणि ओलसर असतानाच बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर लावावे. कॅलामाइन लोशनही चालते. सैल, जुने, धुऊन मऊ झालेले सुती कपडे घालावेत. फोड आले असतील तर ते फोडू नयेत, कारण वरची कातडी हेच त्या जखमेचे झाकण असते.

आता आपल्या घरगुती उपायांविषयी. तूप किंवा तेल ताज्या भाजलेल्या जागी लावले, तर उष्णता आत कोंडते. दोन-तीन दिवसांनी दाह शमून साल निघू लागल्यावर खोबरेल तेल लावण्यास हरकत नाही. टूथपेस्ट कधीच लावू नये. लिंबाचा रस तर भाजलेल्या अंगावर नकोच, पण निरोगी कातडीवर लावून उन्हात गेल्यासही फोड येऊन काळे डाग पडतात. कोरफडीचा गर वरून लावता येतो, मात्र पान कापल्यावर गळणारा पिवळा चीक धुऊन टाकावा. तोच गर ‘पोटातली उष्णता जावी’ म्हणून गर्भवतीला प्यायला देणे मात्र धोक्याचे. तो चीक तीव्र रेचक आहे आणि गर्भाशयालाही चाळवू शकतो.

ज्येष्ठांच्या डब्यात गुडघेदुखीच्या गोळ्या असतातच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक ही नावे आपल्या पाकिटांवर वाचून पाहावीत. अशा वेदनाशामकांविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये इशारा दिला, की गर्भारपणाच्या २० आठवड्यांनंतर त्या टाळाव्यात. बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. जी रक्तवाहिनी जन्मानंतर मिटायची, ती पोटातच आकसण्याचा धोका अखेरच्या तीन महिन्यांत असतो. सांधेदुखीचे मलम चोळणेही टाळावे, कारण त्यातील औषध थोडेफार रक्तात उतरते. वेदना सोसवत नसेल, तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल द्यावी, तीही गरजेपुरती. रक्तदाबाच्या काळजीपोटी डॉक्टरांनीच अल्प मात्रेतील अ‍ॅस्पिरिन लिहून दिली असेल, तर ती आपल्या मनाने बंद करू नये. तो वेगळा विषय आहे.

पाणी, ताक, नारळपाणी थोडे थोडे, वारंवार द्यावे. पन्हे आणि कोकम सरबत उत्तमच, पण गर्भारपणातील मधुमेह असेल तर त्यातील गुळासाखरेचा हिशेब ठेवावा. लघवी गडद पिवळी होऊ लागली तर पाणी कमी पडते आहे. ही खूण कोणत्याही यंत्राशिवाय कळते.

काही लक्षणे दिसली तर घरी थांबू नये: न उतरणारा ताप, सतत उलट्या, ग्लानी किंवा असंबद्ध बोलणे, पोट पुन्हा पुन्हा कडक होणे, अंगावर पाणी वा रक्त जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, मोठ्या भागावर किंवा चेहऱ्यावर फोड येणे. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी आणि चेहऱ्यावर सूज ही लक्षणे ‘ऊन बाधले’ म्हणून कांदा हुंगवण्यात दवडू नयेत. वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणेही हीच असतात. रक्तदाब त्वरित मोजून घ्यावा.

प्रतिबंधासाठी सावलीकडे पाहावे. मे महिन्यात सूर्य महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाकडून उत्तरेकडे सरकत माथ्यावरून जातो आणि गावोगावी शून्य सावलीचा दिवस येतो. एरवीही आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असेल, तेव्हा अतिनील किरण प्रखर असतात. साधारण दहा ते चार या वेळेत बाहेरची कामे ठेवू नयेत. हवा गार म्हणून ऊन सौम्य, हा समजही खरा नाही. उंचीच्या दर १,००० मीटरमागे हे किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, त्यामुळे महाबळेश्वरच्या गारव्यातही त्वचा भाजते. पातळ पांढऱ्या सुती कापडातून ऊन बरेच आत येते, ओले झाल्यास अधिकच. घट्ट विणीचे, थोडे गडद आणि सैल कापड बरे. छत्री आपल्या पिढीची. सुनेने वा लेकीने ती नाकारली तर थोडा हट्ट धरायला हरकत नाही.

उघड्या भागावर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले, किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे. हे खनिज घटक त्वचेवरच राहतात, म्हणून गर्भारपणात त्यांना पसंती दिली जाते. चेहरा व मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतके घ्यावे आणि बाहेर असल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे. कोवळ्या उन्हात बसणे सुखद असते, पण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण त्यात फार थोडे असतात. त्याची उणीव तपासणीत दिसली तर डॉक्टर औषध देतील. त्यासाठी गर्भवतीला दुपारच्या उन्हात बसवू नये.

याच महिन्यांत गालांवर, कपाळावर वांग उमटतो. संप्रेरकांमुळे त्वचा रंगद्रव्य अधिक बनवते आणि ऊन त्याला गडद करते. बाळंतपणानंतर काही महिन्यांत तो बहुधा फिका पडतो. तोवर शेजारणीने सुचवलेली गोरेपणाची मलमे आणू नयेत. त्यांत हायड्रोक्विनोन, स्टिरॉइड, कधी पाराही आढळतो. बाळ अंगावर पिते आहे तोवरही असे कोणतेही मलम त्वचारोगतज्ज्ञांना दाखवूनच वापरावे.