छत आपले, पाणी कुणाचे?

मृग लागण्याआधी घर शाकारून घ्यायचे, ही कोल्हापूरच्या पेठांतली जुनी रीत. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत ज्यांचे बालपण गेले, त्यांना मे महिन्यातली ती कौलांची उलथापालथ नक्की आठवेल. छप्पर आपले, गळती आपली आणि दुरुस्तीही आपलीच. पुढे माणसे ताराबाई पार्क, नागाळा पार्क, राजारामपुरीतल्या ब्लॉकमध्ये राहायला गेली आणि हे साधे गणित बिघडले. कारण ब्लॉकमध्ये आपले छत म्हणजे दुसऱ्याची फरशी!

जुलै उजाडतो आणि बेडरूमच्या कोपऱ्यात पिवळट नकाशा उमटतो. आठवड्याभरात गिलाव्याचे पापुद्रे सुटतात, कपाटातल्या साड्यांना कुबट वास येऊ लागतो. वरच्या वहिनींना सांगावे, तर त्या म्हणतात, ‘आमच्याकडे तर काहीच गळत नाही हो!’ आणि त्यांचे खरेच असते. त्यांच्याकडे गळत नाहीच. गळते ते खाली. सेक्रेटरी म्हणतात, तुमचे तुम्ही मिटवा. बिल्डर फोन उचलत नाही. या तिघांच्या मध्ये दोन-तीन पावसाळे सहज निघून जातात.

खरे तर कायदा पाण्याच्या मागोमाग चालतो. पाणी कुठून येते हे ठरले, की दुरुस्ती कुणी करायची आणि दाद कुठे मागायची, हे बरेचसे ठरते. म्हणून वकिलाआधी जाणता प्लंबर आणि इंजिनीयर गाठावा. फक्त पावसातच ओल येत असेल तर संशय गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर. बारा महिने येत असेल तर वरचे न्हाणीघर, संडास किंवा नळ. वरच्या ब्लॉकचा नळ दोन दिवस बंद ठेवून पाहता येते. न्हाणीघरात रंगीत पाणी साठवून खाली तोच रंग उतरतो का, हेही तपासता येते. इंजिनीयरचा लेखी अहवाल आणि तारखेसह फोटो ही पुढच्या साऱ्या लढाईची शिदोरी आहे.

नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण सोसायटी असेल, तर आदर्श उपविधींनी वाटणी केलेली आहे. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि ड्रेनेजची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने काढायची. गच्चीतून झिरपलेल्या पावसाने वरच्या मजल्यावरच्या सभासदाचे छत आणि गिलावा खराब झाला, तर तोही सोसायटीनेच दुरुस्त करून द्यायचा. ‘टॉप फ्लोअर तुम्हीच निवडलात ना?’ हे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. संडास, सिंक यांची आतली गळती मात्र संबंधित ब्लॉकधारकांनी आपसांत मिटवून स्वतःच्या खर्चाने काढायची असते. समिती किंवा शेजारी दाद देत नसेल, तर १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमातील कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाता येते.

पण कोल्हापुरात अनेक इमारती सोसायटी नाहीत. त्या १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या आहेत. आपले कागद कधी उघडूनही न पाहिलेले लोक बरेच भेटतात. डीड ऑफ डिक्लरेशन झाले असेल तर वाट वेगळी. इथे सामाईक भागाचा खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो. दुसऱ्या ब्लॉकचे नुकसान टाळण्यासाठी तातडीची दुरुस्ती हवी असेल, तर असोसिएशनला कोणत्याही ब्लॉकमध्ये प्रवेश करण्याचा अधिकार आहे. ‘माझ्या घरात पाऊल टाकू देणार नाही’ हा हट्ट इथे टिकत नाही. उपविधी न पाळणाऱ्याविरुद्ध कलम ७ खाली मनाई हुकूम व नुकसानभरपाई मागता येते. त्यासाठी दरवाजा दिवाणी न्यायालयाचा. न्यायालय कमिशनर नेमून जागेची पाहणीही करवून घेऊ शकते.

इमारत नवी असेल, तर आधी ताबापत्राची तारीख पाहावी. १९६३ च्या मोफा कायद्यानुसार ताब्यापासून ३ वर्षांत दोष नजरेस आणला, तर बिल्डरने शक्य तिथे तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा. २०१६ च्या रेरा कायद्याने ही मुदत ५ वर्षांवर नेली आणि बिल्डरला दुरुस्तीसाठी ३० दिवस दिले. न केल्यास भरपाई. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत ब्लॉक असलेल्या प्रकल्पांना रेराची नोंदणी सक्तीची नाही. आपल्याकडच्या छोट्या इमारतींनी हे आवर्जून लक्षात घ्यावे.

ग्राहक न्यायालयाचा मार्ग आहेच. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केले, तेव्हापासून बिल्डर या कक्षेत आहेत. २०१९ च्या कायद्यानुसार मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येते. पण तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांतच. ‘पुढच्या उन्हाळ्यात नक्की करून देतो’ या गोड शब्दावर विसंबून ही मुदत घालवणारे सर्वाधिक नडतात. तोंडी आश्वासन मिळाले तरी दुसऱ्या दिवशी पत्र द्यावे, पोच घ्यावी. पोस्टाची पावती जपावी.

रागाच्या भरात मेंटेनन्स थांबवणारेही असतात. हा डाव अंगलट येतो. सोसायटी थकबाकी वसुलीचा दाखला मिळवू शकते आणि तक्रारदारच थकबाकीदार ठरतो. पैसे भरावेत, पावतीसोबत तक्रारीची प्रत जोडावी.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसू लागले आहे. पण न्हाणीघराच्या गळतीसाठी तिथवर जाण्याची वेळ कुणावर न येवो. निकाल लागेपर्यंत स्लॅबमधल्या सळया गंजत राहतात, त्या तारखांसाठी थांबत नाहीत. म्हणूनच पाहणी आणि पत्रव्यवहार पावसाळ्यात, ओल डोळ्यांना दिसत असताना करावा. खर्चाचा ठराव दिवाळीच्या आसपास सभेत मांडावा, म्हणजे गच्चीचे वॉटरप्रूफिंग भिंती कोरड्या असताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू करता येते.