विहीर दान करायची तर

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या ब्लॅकपल्लीत, दाट वस्तीमुळे नवी विहीर खणायला जागा उरलेली नाही. तरी आईवडिलांच्या नावे पाण्याचे दान करावे ही इच्छा इथल्या मुस्लिम घरांत आजही तितकीच जिवंत आहे. माणूस गेल्यावरही ज्याचा सवाब, म्हणजे पुण्य, त्याच्या खाती जमा होत राहतो, त्या दानाला सदका-ए-जारिया म्हणतात. विहीर हे त्याचे सर्वांत जुने रूप. पैगंबरांचे सहकारी साद बिन उबादा यांनी दिवंगत आईच्या नावे विहीर खणली, असे हदीस, म्हणजे पैगंबरांविषयीच्या परंपरा, सांगते. मदिनेतल्या रूमा विहिरीचे पाणी विकत घ्यावे लागे. पैगंबरांचे दुसरे सहकारी हजरत उस्मान यांनी ती खरेदी करून सर्वांसाठी खुली केली.

पहिला प्रश्न पैशाचा. जकातीची, म्हणजे अनिवार्य दानाची, रक्कम गरजूच्या मालकीची व्हावी लागते, असे हनफी पंथाचे मत आहे. विहिरीचा मालक कोणी एक गरजू नसतो, म्हणून हे दान जकातीतून न करता ऐच्छिक सदक्यातून करतात.

मग जागा. शहरातल्या दात्याला त्यासाठी एखादे टंचाईचे गाव निवडावे लागते. विहीर असो वा बोअर, गावाशी आणि ग्रामपंचायतीशी आधी बोलावे, जमीन कोणाची ते कागदावर पाहावे, परवानगी लागते का ते विचारावे. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडे भूजलाचे कायदे आहेत. पाणाड्याच्या नारळावर विसंबण्यापेक्षा भूजलतज्ज्ञाला बोलवावे. दख्खनच्या पठारावर वर माती-मुरूम आणि खाली कातळ. पाणी मुरमात आणि कातळाच्या भेगांत साठते. भेग चुकली की बोअर कोरडी जाते. संडास आणि उकिरड्यापासून निदान 15 मीटर अंतर ठेवावे.

पाणी लागले की ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. कठीण खडकातल्या पाण्यात फ्लोराइड जास्त असू शकते. भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ते चालते. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पिऊन दात आणि हाडे बिघडतात. दानाच्या पाण्याने कोणाला अपाय होऊ नये, म्हणून ही तपासणी टाळू नये.

बोअरवर बहुधा हापसा बसवतात. 1970 च्या दशकात घडलेला ‘इंडिया मार्क 2’ जालना आणि सोलापूर इथल्या पंपांच्या अनुभवातून आला. हापशाचा दांडा दाबला की साखळीला जोडलेली लोखंडी सळई वर येते आणि खोल सिलिंडरातला दट्ट्या पाणी उचलतो. त्या दट्ट्याचे वॉशर झिजतात. मग दांडा दाबूनही पाणी वर येत नाही. वॉशर स्वस्त असतो, पण तो बदलायला सळया आणि पाइप एकेक करून वर काढावे लागतात. त्यासाठी मेस्त्री हवा, माणसे हवीत, पैसे हवेत. बांधकामाच्या अंदाजपत्रकात हा खर्च नसेल, तर दान पहिल्याच मोठ्या बिघाडाला थांबते.

याची तजवीज वक्फच्या, म्हणजे धर्मकार्यासाठी कायम राखून ठेवलेल्या मालमत्तेच्या, रीतीत आहे. वक्फ केलेली मालमत्ता विकता, बक्षीस देता किंवा वारसांत वाटता येत नाही. मुतवल्ली, म्हणजे तिचा व्यवस्थापक, ती सांभाळतो आणि तिचे उत्पन्न ठरलेल्या कामी लावतो. एखाद्या दुकानाचे भाडे विहिरीला बांधून दिले, तर दुरुस्ती दरवेळी वर्गणीवर अडत नाही. इतके शक्य नसेल, तर गावात दोघे-तिघे जबाबदार नेमावेत, हापशाशेजारी सिमेंटचा ओटा आणि शोषखड्डा करावा, दुरुस्तीची रक्कम वेगळी ठेवावी. जनावरांसाठी हौदही बांधावा. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केले, असे हदीस सांगते.

विहिरीऐवजी दुसरे कामही चालते. शिवाजीनगरातलेच गोषा रुग्णालय व्यापारी हाजी सर इस्माईल सेठ यांच्या देणगीतून उभे राहिले आणि आजही त्यांचे नाव सांगते. 2024 च्या उन्हाळ्यात बेंगळुरूतल्या हजारो बोअर आटल्या. अशा काळात पावसाचे पाणी जमिनीत मुरवणे, आटलेल्या जुन्या विहिरीचा गाळ काढणे हेही जलदानच. त्यामुळे आईच्या नावाची पाटी लावण्याआधी गावात एक चौकशी जरूर करावी: बंद पडलेला हापसा आहे का? असेल तर नव्या बोअरचा खर्च करण्यापेक्षा तोच चालू करावा आणि पुढच्या दुरुस्तीचे पैसे त्याच्या नावे बाजूला काढावेत.