मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह : कॉलेजच्या फॉर्मवरचा हा रकाना डोळे झाकून भरू नका

बारावीचा निकाल लागला की परळ-लालबागच्या चाळींत पहिला प्रश्न अजूनही तोच असतो, आर्ट्स, कॉमर्स की सायन्स? फॉर्म भरायला बसलं की मात्र वेगळीच भानगड समोर येते. मेजर कोणता घेणार? मायनर कोणता? ओपन इलेक्टिव्हचं काय? घरातल्या मोठ्यांना विचारून उपयोग नसतो, कारण त्यांच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. मग मित्राने जे टाकलं तेच आपणही टाकायचं, असा सोपा मार्ग निघतो. तो मित्र विल्सनचा असो, कीर्तीचा असो नाहीतर एम.डी.चा, त्यानेही कुणाचं तरी बघूनच टाकलेलं असतं.

तर हे प्रकरण नेमकं काय आहे, ते आधी समजून घेऊ.

नवीन राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं २०२० मध्ये. महाराष्ट्रात पदवीचा नवा आराखडा कसा असेल, हे सांगणारा शासन निर्णय निघाला २० एप्रिल २०२३ रोजी. त्यानुसार तीन वर्षांची पदवी साधारण १२० ते १३२ क्रेडिटची आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी १६० ते १७६ क्रेडिटची. क्रेडिट म्हणजे मार्क नव्हेत. शिकण्यात किती तास घातले त्याचं ते माप आहे. एका सेमिस्टरमध्ये १५ तासांचं लेक्चर झालं की एक क्रेडिट. प्रॅक्टिकल असेल तर तेच एक क्रेडिट मिळायला ३० तास लागतात.

यातली किमान निम्मी क्रेडिट मेजरची, म्हणजे तुमच्या मुख्य विषयाची. मायनरच्या वाट्याला १८ ते २०. आता २० क्रेडिटचा हिशोब करा. नुसती लेक्चर धरली तरी ३०० तास होतात. प्रॅक्टिकल असतील तर त्याहून जास्त. मित्राच्या फॉर्मवरून उतरवलेल्या एका शब्दापायी एवढे तास जाणार असतात.

इथे बहुतेकांचा एक गोंधळ होतो. मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह एकच वाटतात, पण तसं नाही. ओपन इलेक्टिव्ह हा तुमच्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. कॉमर्सवाल्याने आर्ट्सचा किंवा सायन्सचा काहीतरी पेपर करावा, थोडी ओळख व्हावी, एवढाच त्याचा हेतू. त्याला १० ते १२ क्रेडिट आहेत आणि ते सुटे सुटे पेपर असतात. मायनरमध्ये मात्र एकच विषय धरून सेमिस्टरमागून सेमिस्टर पुढे जायचं असतं. आणि गंमत अशी की मायनर दुसऱ्या शाखेतलाच असला पाहिजे असा नियम नाही. तो तुमच्याच शाखेतला दुसरा विषयही असू शकतो. इकॉनॉमिक्सला पॉलिटिकल सायन्सचा मायनर जोडला, तरी नियमात बसतं. म्हणजे 'मायनर घेतला' याचा अर्थ 'आंतरविद्याशाखीय शिक्षण घेतलं' असा आपोआप होत नाही. कॉलेजच्या माहितीपत्रकात हा मोठा शब्द असला तरी आत काय आहे ते बघावं लागतं.

इंजिनिअरिंगला हाच प्रकार जरा वेगळा आहे. तिथे एआयसीटीईने नेहमीच्या बी.टेक.च्या वर साधारण १८ ते २० क्रेडिट जादा करून मायनर घेण्याची सोय केली. आर्टिफिशियल इंटेलिजन्स, सायबर सिक्युरिटी, रोबोटिक्स, थ्रीडी प्रिंटिंग असे विषय त्यात येतात. मेकॅनिकलच्या पोराने डेटा सायन्सचा मायनर घ्यायचा, ही सध्याची फॅशन. फॅशन म्हणून वाईट नाही. फक्त मशीनमधून निघालेला डेटा हाताळायला मिळाला तरच त्या जोडीला अर्थ आहे.

हे सगळं परदेशातून उचललेलं फॅड आहे, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. शब्द बाहेरचे आहेत, हे खरं. पण दोन विषयांची गाठ घालून त्यातून कामाचं शिक्षण उभं करण्याचा प्रकार दादरच्या शेजारीच, माटुंग्यात, ९० वर्षांपूर्वी होऊन गेलाय. आणि त्यामागे होत्या गिरण्या.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा भोंग्यांनी भरून गेलं. कामगार कोकणातून, घाटावरून आले. पण यंत्र समजणारे बरेच मास्तर लँकेशायरहून आणावे लागत. ही गरज ओळखून १८८७ मध्ये व्हीजेटीआय निघालं, ते आधी भायखळ्यात. तेव्हाचं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट म्हणजेच आजचं वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट. तिथे यंत्राची आणि कापडाची जोडी जमली.

पण कापड विणून काम संपत नाही. ते धुवायचं, ब्लीच करायचं, रंगवायचं. रंगाचं सगळं गणित रसायनशास्त्राचं, आणि कृत्रिम रंग येत मुख्यतः जर्मनीतून. पहिलं महायुद्ध पेटलं, जर्मनीचा माल बंद झाला आणि रंगांचे भाव भडकले. तेव्हा अडचण अशी होती की बी.एस्सी. झालेल्या मुलाला रसायनं कळत, पण गिरणीचं रंगखातं त्याने पाहिलेलं नसे. इंजिनिअरला यंत्र कळे, पण आतली प्रक्रिया का बिघडली ते सांगता येत नसे. एकाच हौदाभोवती दोघे उभे, आणि दोघांनाही अर्धंच ठाऊक.

१ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने केमिकल टेक्नॉलॉजीचा स्वतंत्र विभाग सुरू केला. सुरुवातीला टेक्स्टाईल केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनिअरिंग शिकवलं जाई, तेही बी.एस्सी.नंतर दोन वर्षं. आधी एका विषयात पाया पक्का करा, मग दुसऱ्यात हात घाला, असा तो क्रम. १९३८ मध्ये रंगरसायनांचे नामवंत अभ्यासक के. वेंकटरामन विभागाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. हाच पुढे यूडीसीटी म्हणून गाजलेला विभाग आणि आजचं आयसीटी. कापडाच्या रंगाजवळ सुरू झालेली ही गाडी नंतर पेंट, औषधं, तेलं, प्लास्टिक, खाद्यपदार्थ अशा कितीतरी गोष्टींकडे वळली.

ती वळू शकली, हाच आजच्या मुलांसाठी महत्त्वाचा भाग आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं झालं नाही. त्याची कारणं मजुरीची, मालकांची, सरकारी धोरणांची. कामगारांना शिक्षण कमी पडलं म्हणून गिरण्या बंद पडल्या असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण गिरणी गेल्यावर काय झालं ते बघा. ज्याला रंगाचं रसायन येत होतं त्याला पेंटच्या कारखान्याचं दार उघडं होतं. ज्याने २० वर्षं फक्त साच्यावर काढली होती, त्याची कला दुसरीकडे कुणी विचारली नाही. आज त्याच गिरण्यांच्या जागांवर मॉल आहेत, काचेची ऑफिसं आहेत. त्यांची नातवंडं तिथे अर्ज करताना कुठल्या दोन गोष्टी हातात घेऊन जातात, तो प्रश्न मायनरच्या रकान्याशी थेट जोडलेला आहे.

आता खरी अडचण. कागदावर निवड भरपूर असते, वर्गात नसते. फक्त कॉमर्सचं कॉलेज असेल तर तिथे लॅब कुठून येणार? शिक्षक नाही म्हणून विषय यादीतून गळतो, दोन लेक्चर एकाच वेळी येतात म्हणून दुसरा गळतो. शेवटी उरतो तो मायनर, ज्याचा शिक्षक मोकळा आहे. याला दोष एकट्या कॉलेजचा नाही, पण तास तुमचे जाणार असतात.

यावर एक उपाय म्हणजे कॉलेजांनी हात मिळवणं. फोर्ट-चर्चगेटच्या बाजूला २०१९ मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झालं ते असंच. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज अशा जुन्या सरकारी संस्थांचा तो समूह आहे. सायन्स, आर्ट्स आणि कॉमर्स चालत जाण्याच्या अंतरावर. गिरगावातून बसने जाणाऱ्या मुलाला हे सोयीचं. दुसरा उपाय स्वयम् पोर्टलचा. युजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून करता येतात, पण त्याला तुमच्या संस्थेची मान्यता आधी लागते. कोर्स करून मग मान्यता मागायला गेलात तर पंचाईत.

म्हणून अ‍ॅडमिशनच्या खिडकीवर फीबरोबर आणखी थोडं विचारून घ्या. हा मायनर शेवटच्या सेमिस्टरपर्यंत चालणार का, की मुलं कमी पडली तर बंद होणार? पेपर एकमेकांवर चढत जातात की नुसती पाच वेगवेगळी ओळखपत्रं आहेत? प्रॅक्टिकल कुठे होणार? बदलायचा असेल तर कधीपर्यंत? इंटर्नशिप मेजरमध्येच करायची, की दोन्ही विषय लागतील अशा ठिकाणी चालेल? पदवीच्या कागदावर मायनरचं नाव छापून येणार का? कॉलेज स्वायत्त असेल तर उत्तरं कॉलेजच देईल, नसेल तर विद्यापीठाचा अभ्यासक्रम बघावा लागेल. तो वेबसाइटवर असतो, फक्त फाईल मोठी असते.

आणि विषय निवडताना मेजरमधलं एखादं काम डोळ्यांसमोर आणा, जे अर्धवट राहतं. मायक्रोबायॉलॉजीत नमुने भरपूर, पण आकडे मांडता येत नाहीत, तर स्टॅटिस्टिक्स. मराठी साहित्यात मेजर आणि जुनी मासिकं डिजिटल करायची आवड, तर कॉम्प्युटर. अकाउंट्स येतात, पण घरच्या मसाल्याच्या धंद्यात माल का खराब होतो कळत नाही, तर फूड सायन्स. मिळालेली क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधल्या तुमच्या खात्यात जमा व्हायला हवीत. सेमिस्टर संपल्यावर ती खरंच जमा झाली का, हे लॉगिन करून स्वतः तपासा.