कारक विकास, शैशवातील
शरीराच्या हालचालींवर मुलाचा ताबा क्रमाक्रमाने येत जातो, त्यास कारक विकास म्हणतात. तो डोक्याकडून पायांकडे व धडाकडून बोटांकडे होतो. मूल प्रथम मान धरते, मग पालथे पडते, बसते, उभे राहते. काही मुले रांगतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ मधील प्रमाणकांनुसार निरोगी मूल ८·२ ते १७·६ महिन्यांच्या दरम्यान स्वतंत्रपणे चालू लागते. त्यामुळे शेजारच्या मुलाशी तुलना व्यर्थ होय. अठरा महिन्यांनंतरही मूल चालत नसल्यास मात्र वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. केज तालुक्यातील ऊसतोड कुटुंबांची तान्ही मुले हंगामात आईवडिलांबरोबर कोपीवर जातात. वाहनांच्या वर्दळीमुळे रांगत्या मुलास कित्येकदा झोळीतच ठेवावे लागते. गावच्या अंगणवाडीतील नोंद त्या महिन्यांत खंडित होते आणि खरा विलंब नजरेतून सुटण्याचा संभव असतो.